गच्चीवरचं सोलर बंद, खाली पऱ्हाट्या पेटलेल्या

आज सकाळी विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं अशा भागात, एका मुलींच्या वसतिगृहात जे दिसलं, तेव्हापासून डोकं ठणकतंय. गच्चीवर 500 लिटरचं सोलर वॉटर हीटर उभं, आणि खाली अंगणात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवून गंजात पाणी तापवणं चाललेलं. धुरानं मावशींचे डोळे लाल. विचारलं तर एकच उत्तर, "सोलर खराब झालं."

खराब काय झालं होतं? टाकी धड, स्टँड धड. तीन काचेच्या नळ्या फुटलेल्या, बाकीच्या नळ्यांच्या तळाशी पांढरा थर. बास.

आपल्याकडचं बोअरचं पाणी तापलं की क्षार खाली बसतात. नळी खालून बंद असते, म्हणून गाळ तिथंच साचतो, आतलं पाणी वर-खाली फिरेनासं होतं आणि नळाला कोमट पाणी येतं. काचेच्या नळ्यांऐवजी तांब्याच्या पाइपांची सपाट पेटी, म्हणजे फ्लॅट प्लेट, असेल तर अर्ध्या इंचाचे पाइप पार बुजतात. अशा पाण्याला हीट एक्स्चेंजरवालं, म्हणजे बोअरचं पाणी उन्हात तापणाऱ्या भागात न फिरवता वेगळ्या पाण्याकडून उष्णता घेणारं, सोलर घ्यावं, नाहीतर निदान हातानं धुता येतील अशा नळ्यांचं. पण खरेदी करताना पाणी तपासतो कोण? निविदेत 'क्षमता 500 लिटर' लिहिलं की झालं.

आणि नळ्या वानरं फोडतात असं म्हणतात, पण फुटतात त्या वानरांमुळेच नाही. टाकी रिकामी होते, कोरड्या नळ्या उन्हात तापतात, दुपारी लाइट आली की कोणीतरी मोटार सुरू करतं. गार पाणी शिरलं की काच तडकते. एक नळी फुटली की टाकीतलं सगळं पाणी तिथून वाहून जातं, म्हणून कोणीतरी व्हॉल्व्ह बंद करतं. विषय संपला, पऱ्हाट्या सुरू.

दुरुस्ती एका सकाळची आहे. ऊन यायच्या आत नळ्या उतरवा. 10 लिटर पाण्यात अर्धा किलो सायट्रिक ॲसिड विरघळवून ते नळ्यांत भरा, दोन-तीन तास ठेवा, लांब ब्रशनं घासून धुवा. कडक झालेल्या सिलिकॉन रिंगा बदला. साबणाचं पाणी लावून नळी फिरवत फिरवत बसवा. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा वर हवा. हवेची नळी मोकळी आणि त्या गार टाकीच्याही वर गेलेली हवी. ती बुजली तर पाणी ओढलं जाताना सोलरची टाकी आत चेपते. आधी पाणी भरा, मग नळ्यांवर ऊन येऊ द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गरम पाणी.

हिशोब करा. 500 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला 23 युनिट वीज लागते. चुलीवर तेवढ्याच उष्णतेला 30-40 किलो लाकूड. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं तर 40 अंशांचं 1000 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या बादलीनं 65 पोरींची आंघोळ. रोज. फुकट. आणि हे सगळं तीन नळ्यांसाठी अडलंय!

सोलर वॉटर हीटरचं केंद्राचं अनुदान 2014 मध्ये बंद झालं. आता सौर म्हटलं की फक्त छतावरचं वीज बनवणारं पॅनेल. घरावरच्या 3 किलोवॅटच्या पॅनेलला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान मिळतं, चांगलंच आहे, बिल कमी होतं, मान्य. पण पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत आणतं, आणि तीच वीज आपण गिझरमध्ये घालून पुन्हा उष्णता करतो. नळी अर्ध्याच्या आसपास ऊन थेट पाण्यात उतरवते. बंगळूरला सोलर हीटर लावणाऱ्याला वीजबिलात सूट मिळत आली आहे. आपल्याकडे ती का नको?

उन्हाळ्याचंही तेच. आपल्या विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात, म्हणजे इथलं ऊन सरकारला ठाऊक आहे. तरी घरकुलाचा स्लॅब उघडा, काळा पडलेला. 1 लाख 20 हजारांच्या मूळ अनुदानात 25 चौरस मीटरचं घर बांधायचं, आणि मे महिन्यात रात्री दोनपर्यंत स्लॅब खोलीत आग ओतत राहतो. तेलंगणानं 2023 मध्ये कूल रूफ, म्हणजे छत गार ठेवायचं, धोरण केलं. सीमा ओलांडली की चंद्रपूर, आणि ऊन तेच.

मार्चमध्ये स्लॅब झाडून धुवा, भेगा भरा, रात्रभर भिजवून गाळलेल्या चुन्यात डिंक घालून सकाळ-संध्याकाळ दोन हात द्या. खोली दोन ते पाच अंशांनी उतरते. टिनावर चुना टिकत नाही, तिथं प्रायमर मारून पांढरा परावर्तक रंगच लागतो. पावसात चुना धुऊन जातो, हो, दर वर्षी लावावा लागतो. डिसेंबरात घर थोडं गार राहतं, तेही खरं. पण डिसेंबरात घोंगडं आहे, मे महिन्यात काय आहे? कूलर म्हणाल, तर त्याला पाणी लागतं आणि समोरची खिडकी उघडी लागते. बंद खोलीत तो नुसता दमट वारा देतो. आधी स्लॅब पांढरा करा, म्हणजे छोटा कूलरही पुरतो.

मघाशी चिडून लिहिलं, पण वसतिगृहातल्या माणसांवर राग नाही. त्यांना कोणी शिकवलंच नाही, आणि नळी घ्यायला काही शे रुपये खर्च करणंही त्यांच्या हातात नाही. मावशी म्हणाल्या, "सोलर चालू झालं तं मले चार वाजता उठा नाही लागत."

26 जानेवारीच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. पहिला: गावातल्या शाळा, वसतिगृह, दवाखान्याच्या सोलरसाठी पाच वर्षांचा देखभाल करार, खरेदीआधी पाण्याची तपासणी, आणि ठेकेदाराचे काही पैसे गरम पाणी येत राहील तसेच सुटतील ही अट. दुसरा: घरकुलाच्या शेवटच्या हप्त्याआधी पांढरा स्लॅब आणि समोरासमोर झरोके, त्याचा खर्च वेगळा. दोन्ही ग्रामपंचायत विकास आराखड्यात घाला. मसुदा पाहिजे असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, रात्री पाठवतो.