फक्त स्पर्शपाद बघून कुळ ठरवू नका

सिम्फायटोग्नॅथिडी या इवल्याशा कोळ्यांच्या कुळावरच्या लेखात, मादीला स्पर्शपाद (तोंडाजवळचे पायासारखे छोटे अवयव) नाहीत म्हणजे तो कोळी सिम्फायटोग्नॅथिडीच, असं दिलंय. इथेच घोटाळा होतो. अनापिडी या जवळच्या कुळातल्या बऱ्याच माद्यांचेही स्पर्शपाद खुंटलेले किंवा पार नाहीसे झालेले असतात. आधी जबडे बघा. सिम्फायटोग्नॅथिडीत ते बुडाशी एकमेकांना चिकटलेले असतात, अनापिडीत सुटे. मायस्मेनिडी या आणखी एका तशाच कुळातही सुटेच, शिवाय मादीच्या पहिल्या पायाच्या मांडीवर खालून एक गडद ठिपका असतो.

१९५९ नंतर कोळ्यांचे अभ्यासक फॉर्स्टर यांच्या व्यापक व्याख्येमुळे सिम्फायटोग्नॅथिडी कुळात बरंच काही कोंबलं गेलं होतं. १९७७ मध्ये फॉर्स्टर आणि प्लॅटनिक यांनी ते आवरलं. कोलंबियातल्या पाटू डिगुआ या कोळ्याचं वर्णन त्याच कामातलं. नर ०.३७ मिमी, म्हणजे मिठाच्या कणाएवढाच!

सिम्फायटोग्नॅथिडी मुख्यतः उष्ण कटिबंधातले, पण ज्या कोळ्यावरून कुळाला नाव मिळालं ती जात टास्मानियाची, हे लेखातून सुटलंय.

हे कोळी गोळा करायचे तर पालापाचोळा चाळून फनेलमध्ये वरून दिवा लावून हळूहळू सुकवा, खाली ७०-८० टक्के अल्कोहोल ठेवा. दिवा फार तापला तर हे जीव खाली उतरण्याआधीच वाळून जातात. आणि पिल्लांवरून जात ठरवायला जाऊ नका, प्रौढच लागतो.