शिवण पाहिल्याशिवाय नक्कल म्हणू नये

रॅम्पवरची फॅशन म्हणजे चित्रांची कापडावर केलेली नक्कल, निसर्ग तिला केवळ नक्षीपुरता लागतो आणि या साऱ्याचा गोव्याशी काडीचाही संबंध नाही, असे सांगणारा एक मजकूर गेले काही दिवस आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या जवळची, जाणती माणसेही आहेत, म्हणून त्याला उत्तर द्यावेसे वाटले.

नकलेचा पुरावा म्हणून त्यात फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँ यांच्या 1965 च्या पोशाखांचा दाखला आहे. पीट मोंद्रियान या डच चित्रकाराचे लाल, निळे, पिवळे चौकोन आणि काळ्या रेघा त्या पोशाखांवर आहेत, हे खरे. मात्र ते चौकोन छापलेले नाहीत. लोकरीच्या जर्सी कापडाचे त्या त्या रंगाचे तुकडे वेगवेगळे बेतून एकमेकांना जोडलेले आहेत. चित्र सपाट असते, अंग सपाट नसते. ब्लाउज शिवणारी कोणतीही बाई सांगेल की, छातीपाशी टक्स घेतला, म्हणजे अंगाच्या घाटासाठी कापड चिमटून शिवले, की कापडावरची सरळ रेघ तिथे मोडते. सँ लोराँ यांनी अंगाला लागणारा सारा घाट चौकटींच्या जोडशिवणींतच मुरवला, त्यामुळे पोशाख अंगावर चढल्यावरही रेघ सरळ राहिली. 1944 मध्ये वारलेल्या मोंद्रियान यांच्यापुढे कॅनव्हासवर ही अडचण कधी आलीच नव्हती. ती शिवणकामाची अडचण होती आणि शिवणकामातच सुटली.

निसर्ग नक्षीपुरता असल्याचे विधान तर एका पोशाखापुढेही टिकत नाही. ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांनी 2001 च्या उन्हाळी संग्रहासाठी इंग्लंडमधल्या नॉरफकच्या किनाऱ्यावर पडलेले लांबट शिंपले आणून त्यांचाच पोशाख केला, आणि मॉडेलने तो रॅम्पवर मोडून टाकला. शिंपला तिथे कापडावर काढलेला नव्हता, कापडाच्या जागी तोच होता.

गोव्याशी संबंध नसल्याचे तिसरे विधान मला सर्वांत लागले. आमच्या गोव्यातल्या शेतकरी कुणबी बायकांची लाल चौकडीची साडी गुडघ्यापर्यंतच असे आणि तिची गाठ खांद्यावर मारलेली असे, कारण ती नेसून चिखलात भाताची लावणी करायची असे. शेतानेच ठरवलेला हा पेहराव गोव्यातल्या कोलवाळ गावचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी हातमागावर पुन्हा विणून घेतला आणि रॅम्पवर नेला. 2014 मध्ये पद्मश्री मिळालेल्या आणि 2020 मध्ये निवर्तलेल्या या माणसाचे नावही त्या मजकुरात नसावे, याचे मला वाईट वाटते.

नकला होतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. सँ लोराँ यांच्या त्या पोशाखांच्या स्वस्त नकला तेव्हा बाजारात भराभर आल्या होत्या, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मीही कुणबी म्हणून विकले जाणारे कापड हातात घेऊन पाहिले आहे. पदर उलटला तर आतून चौकडी फिकी, जागोजागी पांढरी पडलेली होती, कारण ती वरून छापलेली होती. मागावर ताण्याचा (उभा) लाल धागा बाण्याच्या (आडव्या) लाल धाग्याला छेदतो तिथे रंग गडद होतो आणि दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मजकूर लिहिणाऱ्याने नक्कल हा शब्द त्या छापील कापडासाठी वापरला असता, तर माझी काहीच हरकत नव्हती.