तीन वर्षांनी कर्ज मरत नाही

अमळनेर-चोपड्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय: "तीन वर्षं हप्ता भरू नका, कर्ज आपोआप संपतं. कोर्टाचा निकालही तीन वर्षांनी रद्द होतो. घाई असेल तर पाच हजारांत आमचा माणूस सिबिल (कर्जफेडीची नोंद) साफ करून देईल." परवा एक ओळखीचा शेतकरी भेटला. मुलीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज थकलेलं. म्हणाला, "दादा, तीन वरीस व्हई ग्यात, आते काय शे?" त्याच्यासाठीच हे लिहितोय.

"तीन वर्षांत कर्ज संपतं." यात थोडं खरं आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विनातारण कर्जासाठी साधारण ३ वर्षांत दावा लावावा लागतो. मुदत गेली की दाव्याचा मार्ग बंद होतो, पण देणं उरतंच. मुदतीच्या आत तुम्ही 'देणं आहे' असं सहीनिशी लिहून दिलं, तर ३ वर्षं नव्याने सुरू. मुदत गेल्यावर 'फेडीन' असं लिहून सही केली, तर तो नवा करार होतो. म्हणून वसुलीवाल्याच्या कागदावर न वाचता सही करू नका. घर गहाण असेल तर मुदत १२ वर्षांची. आणि आपल्याकडे घरोघरी असतं ते पतसंस्थेचं कर्ज. तिथे सहकार कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे येणे रकमेच्या वादाची मुदत सभासद वारल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून मोजतात. शिवाय संस्था कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला घेऊ शकते.

"निकाल रद्द होतो." सगळ्यात जास्त घरं बुडवणारं वाक्य हेच. पैशाच्या हुकूमनाम्याची (कोर्टाच्या निकालाच्या आदेशाची) दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, १२ वर्षांपर्यंत लावता येते. माझ्या या शेतकऱ्याने समन्स घेतलंच नव्हतं. घेतलं नाही म्हणजे खटला नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. निकाल एकतर्फी लागला आणि तीन वर्षांनंतर जप्तीची नोटीस दारात आली. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे दिवस निकाल कळल्यापासून धरतात. पण जप्ती म्हणजे सगळं गेलं, असंही नाही. कसणाऱ्याची औजारं, बैल आणि त्याचं राहतं घर यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चं संरक्षण आहे. गहाण टाकलेल्याचा प्रश्न मात्र वेगळा.

"पाच हजारांत सिबिल साफ." खरी नोंद पैसे देऊन पुसली जात नाही. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना ती किमान ७ वर्षं जपावी लागते. चुकीची नोंद मात्र फुकट दुरुस्त होते. देशात अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका.

पत पुन्हा उभी राहते ती हळूहळू. कमी रकमेत तडजोड केली की अहवालात 'सेटल्ड' येतं आणि पुढची बँक कुरकुरते; पूर्ण फेडलं तर 'क्लोज्ड'. जमत असेल तर उरलेली रक्कम भरून नोंद बदलून घ्यावी. मग मुदत ठेवीवरचं छोटं कर्ज घ्यावं आणि हप्ता एकदाही चुकवू नये.

त्याची दरखास्त लोकअदालतीत ठेवावी म्हणून काल आम्ही अर्ज दिला. तिथली तडजोड हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते, तिच्यावर अपील नाही. म्हणून रक्कम, कापूस विकल्यावरच्या हप्त्यांच्या तारखा आणि शेवटी बेबाकी (काही देणं उरलं नसल्याचा) दाखला, हे तिन्ही कागदावर असल्याशिवाय सही करू नकोस, असं मी त्याला लिहून दिलंय.