बीपी-शुगरच्या रांगेत डिप्रेशनलाही जागा हवी

महापालिकेच्या कुठल्याही दवाखान्यात सकाळी तासभर बसा. 'मला डिप्रेशन आलंय' असं सांगणारा पेशंट क्वचितच दिसेल. अंग दुखतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, हे मात्र सारखं कानावर येईल. बाहेर ही भली मोठी रांग, त्यामुळे ॲसिडिटीची गोळी, व्हिटॅमिन आणि 'टेन्शन घेऊ नका'. (हे ऐकून टेन्शन गेलेला माणूस मला एकदा भेटायचाय.) मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की, 'म्हणजे येरवड्याच्या मनोरुग्णालयात पाठवताय का?'

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात डिप्रेशन असलेल्या दहापैकी सुमारे आठ लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. मला नवल वाटलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की डिप्रेशन असलेल्यांनी एकत्र बसून एकमेकांशी बोलायचा आधारगट याच दवाखान्यात, आठवड्यातून एकदा भरावा. इथे आलेल्याला 'का आलात' असं कुणी विचारत नाही. युगांडाच्या खेड्यांत तिथल्याच प्रशिक्षित माणसांनी असे गट चालवले. दर आठवड्याला दीड तास, सोळा आठवडे, बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. डिप्रेशन चांगलंच कमी झालं. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. लांब कशाला, आपल्या गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत लोकांना पुन्हा छोट्या छोट्या कामांना लावलं. तिथे एकेकट्याशी बोलणं होतं, गट नव्हता, पण उपयोग झाला.

पुण्यात धनकवडीत एका धर्मादाय दवाखान्यातल्या अशा गटात मी मदतीला बसते. एका निवृत्त काकांनी ठरवलं होतं, रोज सकाळी कोपऱ्यावरून दूध आणायचं. पुढच्या बैठकीला मान खाली. एकदाही जमलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत शेजारच्या ताई म्हणाल्या, 'अहो, सकाळी तर मलाही उठवत नाही. संध्याकाळी आणा की, दूध तेव्हाही मिळतं.' काका संध्याकाळी जायला लागले. हे मला सुचलं नसतं, कारण सकाळी अंथरुणातून उठवत नाही म्हणजे काय, हे मी भोगलेलं नाही.

गट म्हणजे प्रवचन नव्हे. 'सकारात्मक विचार करा' म्हणणाऱ्या पाहुण्यांना आम्ही आता बोलावत नाही. दुसरी अडचण अस्सल पेठी: इथे बोललेलं उद्या वाड्यात पोचलं तर? म्हणून एकाच सोसायटीतले, एकाच नात्यातले लोक एका गटात नकोत आणि व्हॉट्सॲप ग्रुप तर नकोच नको.

गटात आलं म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. डिप्रेशन तपासायच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याला 'अजिबात नाही' सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, तर पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आमच्या भागातल्या पालिकेच्या दवाखान्यात दुपारनंतर बाकडी रिकामी असतात. जागेचा प्रश्न नाही. हवी आहेत ती गट चालवायला शिकलेली दोन माणसं, त्यांना नियमित मानधन आणि महिन्यातून एकदा येऊन त्यांच्या अडचणी ऐकणारा मानसोपचारतज्ज्ञ. मानधनावर मी अडून बसणार, कारण 'सेवाभावाने करा' म्हटलेलं काम गणपतीनंतर बंद पडतं. नगरसेवकांपैकी कुणी हे वाचत असेल, तर बजेटच्या आधी बोलू या.