मामाने चष्मा लावला आणि माझं मिग-21 खोटं निघालं

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला आपल्या हवाईदलाचं मिग-21 हे लढाऊ विमान निवृत्त झालं. त्या आठवड्यात आपल्याकडे सगळेच भावुक झाले होते, मीही झालो आणि भावुक माणूस जे करतो तेच केलं, म्हणजे पाकीट उघडलं. बरेच दिवस विशलिस्टमध्ये पडलेलं 1:72 चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तर पट लहान, डायकास्ट मिग-21, म्हणजे धातूचं छोटं मॉडेल, आपल्या हवाईदलाच्या रंगातलं, बॉक्सवर ‘1971’ असं ठळक छापलेलं, एकदाचं मागवलं. किंमत सांगत नाही, बायको फेसबुकवर आहे.

पार्सल घेऊन थेट नाशिकला मामाकडे गेलो. मामा 72 ला ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात फिटर म्हणून लागला, मिग जोडण्यात आणि ओव्हरहॉल करण्यात उभा जन्म गेला. म्हटलं याला दाखवलं नाही तर मग कोणाला दाखवायचं. मामाने हात धुतले, पुसले, चष्मा लावला, मॉडेल खिडकीच्या उजेडात धरलं आणि एका मिनिटात म्हणाला, “हे सत्याहत्तर नाहीये रे.”

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. 71 च्या लढाईत आपल्याकडे जे मिग होतं ते मिग-21 एफएल, त्याला आपले लोक टाइप 77 म्हणायचे. नंतर आलं ते टाइप 96. लांबून दोन्ही सारखीच, पण 77 च्या नाकावरची लांब दांडी, म्हणजे पिटो ट्यूब, बरोबर मधोमध असते आणि 96 ची उजवीकडे सरकलेली. 77 ची पाठ सडपातळ, 96 च्या पाठीवर कॉकपिटमागून फुगवटा. शिवाय 77 ला पोटात तोफ नव्हती, वेगळा गन पॉड, म्हणजे तोफेची पेटी, खाली लटकवायचे. माझ्या मॉडेलवर रंग 71 चा, नंबर 71 चा, आणि दांडी उजवीकडे, पाठ फुगलेली, पोटात तोफेची दोन नळकांडी! मामा म्हणाला, “शर्ट बापाचा नि अंगात पोरगा.”

कंपनीचं नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये विचारू नका. कारण हे एकाच कंपनीचं दुखणं नाही, हा धंदाच असा चालतो आणि कसा चालतो ते आधी समजून घ्यायला पाहिजे, नुसत्या शिव्या घालून उपयोग नाही.

डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, झमॅक म्हणतात त्याला, वितळवून दाबाने पोलादी साच्यात मारायचा. खर्च धातूचा नाही, खर्च साच्याचा. साचा एकदा पाडला की तो वसूल होईपर्यंत त्यातून विमानं काढायची आणि वर वेगवेगळे रंग चढवायचे. सिलिकॉनचा मऊ गोळा शाई उचलतो आणि गोल बॉडीवर ठसा मारतो, त्याला टॅम्पो प्रिंटिंग म्हणतात. म्हणजे एकच साचा आज सोव्हिएत, उद्या पोलिश, परवा आपलं तिरंगी चक्र. त्यामुळे 96 च्या घराण्यातला साचा हाताशी असताना फक्त भारताच्या 77 साठी नवा साचा कोण पाडणार? मला हे पटतं, खरंच पटतं. पण मग बॉक्सवर ‘1971’ लिहू नका ना! टाइप 96 च्याच एखाद्या खऱ्या विमानाचा नंबर घ्या, आम्ही तेही घेऊ, उड्या मारत घेऊ. खोटं बोलायची गरजच काय?

मला म्हणायचंय ते एवढंच आहे. कलेक्टरला जगातलं सगळं नको असतं, जे विकताय ते नक्की काय आहे ते खरं सांगा आणि तुटलं तर दुरुस्त करू द्या. या दोन गोष्टी सोडून या कंपन्या बाकी सगळं देतात. नंबर घातलेलं कार्ड देतात, चकचकीत बॉक्स देतात, ‘लिमिटेड’ नावाची भीती देतात.

भीतीच ती. आत्ता घेतलं नाही तर परत मिळणार नाही. एकेका रंगाचे काही शे नग निघतात, प्री-ऑर्डर सहा सहा महिने आधी, पैसे भरायचे आणि वाट बघत बसायचं, मध्येच तारीख पुढे ढकलली जाते, कधी मॉडेलच रद्द होतं. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला बंद पडली, विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात गेली, आणि दोन्हींची मॉडेल्स त्यानंतर अशा भावाने विकायला निघाली की विमान कंपनी बुडाली की मॉडेलवाल्याची दिवाळी असा हिशोब झालाय.

बरं, आपल्याकडे अजून एक गंमत आहे. या सगळ्या बॉक्सवर लिहिलेलं असतं की हे खेळणं नाही, 14 वर्षांवरच्यांसाठी आहे. पण कस्टम्सच्या पुस्तकात स्केल मॉडेल बसतं खेळण्यांच्याच 9503 या हेडिंगखाली. खेळण्यांवरची ड्युटी 2020 च्या बजेटमध्ये 20 टक्क्यांवरून 60 झाली आणि 2023 मध्ये 70. म्हणजे कंपनी म्हणते खेळणं नाही, सरकार म्हणतं खेळणंच आहे आणि बायको पण म्हणते खेळणंच आहे, त्यामुळे दोन विरुद्ध एक असा निकाल लागलेलाच आहे.

माझं मुख्य कलेक्शन तसं प्रवासी विमानांचं, 1:400 चं. कारण जागा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये 1:200 चं ए380 ठेवायचं म्हणजे पंखांचाच पसारा 40 सेंटिमीटर, त्यापेक्षा पाहुणा ठेवलेला परवडतो. 1:400 मध्ये 747-400 सतरा-अठरा सेंटिमीटरचं होतं, पुस्तकांच्या पुढ्यात आरामात बसतं. लहान मॉडेलमध्ये चूक लपते असं वाटतं ना? उलट आहे. अर्धा मिलिमीटर सरकलं तर खऱ्या विमानात ते 20 सेंटिमीटर सरकलं. माझ्याकडे एअर इंडियाचं 747 आहे, तेच, प्रत्येक खिडकीवर लाल झरोका असलेलं. भिंग लावून बघा, एका बाजूचे झरोके खिडक्यांवर अगदी नीट टेकलेत, दुसऱ्या बाजूचे जरासे मागे सरकलेत, सगळ्या खिडक्यांनी एकाच बाजूला भुवई उडवल्यासारखं दिसतं. पण हे मी माफ केलंय. हाताखालून जाणारी वस्तू आहे, ठसा हलतो कधी कधी. माणसाची चूक आणि बॉक्सवरचं खोटं यात फरक आहे.

त्याच 747 चं दुःख वेगळंच आहे. 22 एप्रिल 2024 ला एअर इंडियाचं 747 मुंबईहून कायमचं अमेरिकेला गेलं, उडाल्यावर पंख हलवून निरोप दिला, तो व्हिडिओ तुम्ही पण बघितला असेल. त्या रात्री मी माझं 747 काढून पुसायला घेतलं आणि नोज गिअर, म्हणजे नाकाखालची चाकं, तुटला. सेंटिमीटरभरसुद्धा नाही, दोन चाकं आणि एक काडी. टाइलवर टिक करून आवाज आला आणि गायब. झाडू, टॉर्च, मोबाइलचा उजेड, सगळं झालं. नाहीच.

कंपनीला मेल टाकला की सुटा नोज गिअर पाठवा, पैसे देतो, पोस्टेज देतो. उत्तर आलं की स्पेअर पार्ट्स आम्ही विकत नाही, आपल्या आवडीबद्दल धन्यवाद, आणि खाली नवीन रिलीजची लिंक. आता बघा, डिंकी टॉईजवाले एकेकाळी खेळण्यातल्या गाड्यांचे सुटे टायर विकायचे, दुकानात मिळायचे. पोराने गाडी आपटून आपटून टायर घालवला तर नवा टायर घाला, गाडी फेकू नका. त्याच डिंकीच्या युद्धाआधीच्या विमानांचं जस्त शिशाच्या भेसळीने आतून किडतं आणि पंख आपोआप तडकतात हा भाग वेगळा, पण टायर मिळायचा ना!

सगळंच वाईट आहे असं नाही. 1:400 मध्ये एनजी मॉडेल्ससारख्या नव्या कंपन्या आल्यापासून जुन्यांना साचे सुधारावे लागले असं माझं मत आहे, पूर्वी पंख बॉडीत खोचल्याची जी भली मोठी भेग दिसायची ती आता बरीच कमी झालीय. हॉबी मास्टर, जेसी विंग्ज या कंपन्यांनी आपलं सुखोई आणि राफेल काढलं. सुखोई मी मामाला दाखवलं तेव्हा तो काहीच बोलला नाही, नुसतं फिरवून फिरवून बघत राहिला. नंतर मामीने सांगितलं की दोन दिवस टीव्हीवर ठेवलं होतं आणि कोणाला हात लावू देत नव्हता. एवढ्यासाठीच तर आम्ही पैसे घालवतो हो.

असो. तर मिगचं पुढे काय झालं. परत पाठवण्यात अर्थ नव्हता, जाणारं पोस्टेजच जीव घेईल. मामा म्हणाला ठेव इथेच. मागच्या रविवारी फोन केला तर समजलं की नाकावरची दांडी कापून, ते भोक बुजवून, मधोमध नवीन भोक पाडून झालंय. पिटो ट्यूबसाठी इंजेक्शनची सुई हवीय, मेडिकलवाल्याने दिली ती जाड निघाली, बारीक घेऊन ये म्हणाला. पाठीचं कसं करणार म्हणून विचारलं तर म्हणे, “कानस आहे की घरात.”

मी येत्या शनिवारी जातोय. आणि एक, कोणाकडे 1:400 चं मोडकं 747 पडलं असेल, पंख तुटलेलं, शेपटी नसलेलं, कसंही, फक्त नोज गिअर शाबूत असेल तर इनबॉक्स करा. दादर, पार्ला, ठाणे कुठेही येऊन घेऊन जाईन.