मिस्त्रीचा रेट आणि मिस्त्रीची कमाई

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. या वेळी एका काकांनी टाकला आणि खाली अकरा अंगठे पडले. मजकूर असा: "दहा वर्षांपूर्वी मिस्त्री ४०० रुपयांत यायचा, आता ८०० मागतो. मजुरी दुप्पट झाली. वर रेशन फुकट, बायकोला महिन्याला १५००, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. तरी महागाईच्या नावानं गळा काढतात. खरा मार खातोय तो मध्यमवर्ग."

ग्रुपवरच उत्तर द्यायला बसलो होतो. लांबलं, म्हणून इथे लिहितोय.

आधी ते "दुप्पट". रेट दुप्पट झाला हे मला मान्य आहे, मागच्या वर्षी बाथरूमच्या टाइल्स बसवल्या तेव्हा मीही तेवढेच मोजलेत. पण भाव काय तिथेच थांबले होते? केंद्राचा लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. ज्या ८८ शहरांतून त्यासाठी भाव गोळा होतात, त्यांत आपलं नागपूरही आहे. देशाचा हा निर्देशांक डिसेंबर २०१४ मध्ये २५३ होता. डिसेंबर २०२४ चा आकडा त्याच जुन्या मापात बसवला तर ४१४ च्या आसपास येतो. म्हणजे तेव्हा १०० रुपयांत येणारा बाजार आता १६४ रुपयांचा झाला. आता ते ८०० रुपये २०१४ च्या भावात मांडा. होतात साधारण ४८८. चारशेवर अठ्ठ्याऐंशी रुपये, तेही दहा वर्षांत!

आणि मेसेजमध्ये मिस्त्रीच का घेतला असेल? मजूर कामासाठी उभे राहतात त्या ठिय्यावर सगळ्यात मोठा आकडा त्याचा असतो म्हणून. त्याच्या बाजूला टोपलं घेऊन उभ्या असलेल्या रेजाची, म्हणजे बाई मजुराची, रोजी कोणी फॉरवर्ड करत नाही. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणात देशभरातल्या रोजंदारी मजुराची सरासरी रोजी २०१७ च्या जुलै-सप्टेंबरमध्ये २९४ रुपये होती, २०२४ च्या एप्रिल-जूनमध्ये ४३३. वाढ ४७ टक्के. त्याच काळात भाव चढले ४२ टक्के. महिन्याच्या ठरलेल्या पगारवाल्यांचं तर आणखी अवघड आहे. त्यांचा सरासरी पगार १६,५३८ वरून २१,१०३ वर गेला, म्हणजे जेमतेम २८ टक्के. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे हाजरी लावणाऱ्याला हे सर्वेक्षणातून कळायची गरज नाही. म्हणजे मध्यमवर्गाला मार बसतोय ही काकांची तक्रार खोटी नाही. फक्त तो मार मिस्त्रीमुळे बसत नाहीये. (घर बांधणं महाग झालं याचं खापरही मजुरीवरच फुटतं. सिमेंटवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता, तो कोणाला आठवत नाही.)

मेसेजची खरी गफलत मात्र वेगळीच आहे. रेट म्हणजे आपण देतो तो आकडा. तो महिन्यातून किती दिवस मिळतो, हे आपल्याला दिसत नाही. आपल्याकडे मिस्त्री चार दिवस येतो आणि आपण मनातल्या मनात त्याच चार दिवसांचा महिना करतो.

टाइल्सचं काम चालू होतं तेव्हा मिस्त्रीनं हिशेबासाठी पिशवीतून छोटं कॅलेंडर काढलं. जितके दिवस काम लागलं त्या तारखांना गोल, अर्ध्या दिवसाला तिरपी रेघ. जुलैचं पान उघडंच होतं. मी मोजले: अकरा गोल, तीन रेघा. साडेबारा दिवस, ८०० नं दहा हजार. त्यातले साडेतीन हजार खोलीभाड्याचे. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "हा बरा गेला, भाऊ. मागच्या साली त दहा दिवसबी नाही लागले."

नागपुरात हे असंच चालतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी सळईला हात लावता येत नाही, म्हणून दिवस आखडतो. पावसाळ्यात स्लॅब आणि बाहेरचं प्लास्टर थांबतं. पितृपक्षात कोणी घराचं काम काढत नाही. मग दिवाळीआधी रंगरंगोटीसाठी सगळे एकदम फोन करतात, तेव्हा तो ८०० चे ९०० मागतो आणि आपण मेसेज फॉरवर्ड करतो.

आता "फुकट रेशन". अन्नसुरक्षा कायद्याखाली गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होताच. १ जानेवारी २०२३ पासून तो फुकट झाला. माणशी पाच किलोनं चार जणांच्या घराला वीस किलो. फुकट झाल्यामुळे महिन्याला वाचले फार तर साठ रुपये. उलट कोरोनात माणशी जे पाच किलो जास्तीचं मिळायचं, ते त्याच वेळी बंद झालं. तूरडाळ, तेल, भाजी तेव्हाही विकतच होती.

लाडक्या बहिणीचे १५०० जुलै २०२४ पासून सुरू झाले. मिळतात त्या घराला आधार होतोच, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण ते राज्याच्या तिजोरीतून येतात, कामावर ठेवणाऱ्याच्या खिशातून नव्हे. त्यांना मजुरीवाढ कसं म्हणायचं?

मोबाइलचं काय सांगू! ठेकेदार आता कामाला फोनवरच बोलावतो. फोन बंद तर खाडा.

राहता राहिले काका. ते केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. त्यांच्या पेन्शनवरचा महागाई दिलासा जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. वर सांगितलेल्या त्याच निर्देशांकावरून तो दर सहा महिन्यांनी ठरतो, आणि त्यात पावसाळा आडवा येत नाही. अकरा अंगठ्यांपैकी एक मात्र त्यांच्याच मजल्यावरच्या गृहस्थांचा आहे. ते खासगी कंपनीतून निवृत्त झाले, पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजनेची. तिला महागाई दिलासा नाही, आणि किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १००० रुपयांवरच आहे. ती वाढावी म्हणून हे गृहस्थ मोर्चालाही जाऊन आले. त्यांनी त्या मेसेजला अंगठा का दिला, ते मला अजून विचारायचंय.