व्हीलचेअर वाटून झाल्या, आता दुरुस्तीचं बोला

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात व्हीलचेअर वाटपाची शिबिरं होतात, हारतुरे होतात, फोटो छापून येतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या आतेभावाला पडून मणक्याला मार बसला. शिबिरात खुर्ची फुकट मिळाली, पण सगळ्यांना एकाच मापाची. हा अंगानं बारीक, सीट ऐसपैस. बसला की एका बाजूला कलायचा, सगळा भार एकाच कुल्ल्यावर. कमरेखाली संवेदनाच नाही, त्यामुळं जखम होतेय हे त्याला कळलंच नाही. ती चिघळली, आणि दवाखान्यात जेवढे गेले तेवढ्यात मापाची चांगली खुर्ची आली असती. मग पुढच्या लहान चाकाचं बेअरिंग गेलं. गावातला सायकलवाला पंक्चर काढून देतो, पण हे बेअरिंग त्याच्याकडं कुठलं? खुर्ची गोठ्यात गेली, भाऊ परत खाटेवर.

अंगाच्या मापात बसणारं, आपल्या रस्त्यावर टिकणारं आणि जवळच दुरुस्त होणारं, त्यालाच मी स्वस्त म्हणतो. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला तो असाच. आपल्या माणसाला उकिडवं बसायचं असतं, मांडी घालायची असते, चिखलातनं अनवाणी चालायचं असतं. एका मिस्त्रीनं आणि एका डॉक्टरनं एकत्र बसून रबर-लाकडातनं ते जमवलं.

मग आपल्याकडं मिस्त्री कमी आहेत का? बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा याच कोल्हापुरात तयार केला. आज उद्यमनगरात लेथ आहेत, शिरोली-गोकुळ शिरगावात फाउंड्र्या आहेत. सीट चार बोटं अरुंद करणं, फूटरेस्ट वर घेऊन वेल्ड मारणं, बेअरिंग बदलणं हे इथल्या फिटरला अवघड नाही. त्याच्या शेजारी फिजिओथेरपिस्ट हवा, आणि त्याहून आधी स्वतः खुर्ची वापरणारा माणूस. नसीमादीदी हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली. त्या गावात दिव्यांगाला नुसतं लाभार्थी म्हणून रांगेत बसवणं मला पटत नाही.

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातनं नवीन वस्तू जरूर द्या, पण माप घेणं, सुटे भाग आणि दुरुस्ती यासाठीही वेगळी रक्कम ठेवा. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. उद्यमनगरात कुणाचं वर्कशॉप असेल आणि आठवड्यातला एखादा दिवस या कामाला द्यायची तयारी असेल, तर मला मेसेज करा. पहिली खुर्ची मी गोठ्यातनं काढून घेऊन येतो.